खालच्या वस्तीची विहीर

बाबा,

तुम्ही गेलात त्याला या उन्हाळ्यात एकोणीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपण एकमेकांना कधी लिहिलं नव्हतं. नागपुरात नंदनवनातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या तीन माणसांना पत्राची गरज कुठे पडते. आज रविवार आहे, घरात कोणी नाही, कुकर उतरवून ठेवलाय आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहून राहिले आहे. बघा, तुम्हाला लिहायला घेतलं की तुमची बोली येतेच. कंपनीत मी अगदी पुस्तकी बोलते.

मला तुमचा सकाळचा चहा आठवतो. आईच्या स्वयंपाकघरात फळीवर एक लिटरचा काचेचा बीकर असायचा, काठाला टवका गेलेला. तुमच्या लॅबनं तो मोडीत काढला होता, आणि फेकून द्यायचा तो बीकर घरी आणायलासुद्धा तुम्ही साहेबांच्या सहीची चिठ्ठी घेतली होती. ती चिठ्ठी कितीतरी वर्षं गहू-तांदळाच्या डब्याखाली होती. आई हसायची. म्हणायची, फुटक्या भांड्यासाठी कोण पोलीस येऊन राहिला. तुम्ही मात्र गुडघे वाकवून, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून तीन कप पाणी मोजायचात आणि मला शिकवायचात की काचेतलं पाणी कडेला चढतं आणि मध्ये खोल जातं, तर वाचायचं ते मधलं, खालचं. मी पाच-सहा वर्षांची असेन. शाळेत पुढे गुरुजींनी हेच सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, हे तर चहाचं आहे.

पाणी तपासायच्या त्या प्रयोगशाळेत तुमचं पद परिचराचं होतं. आजूबाजूच्या गावांतून विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांतून यायचं. बाटल्या धुणं, वाफेच्या मोठ्या डब्यात घालून निर्जंतुक करणं, आलेला नमुना वहीत चढवणं आणि बाटलीवर चिठ्ठी डकवणं हे तुमचं काम. शनिवारी शाळा सकाळची असायची, म्हणून दुपारी मी तुमच्याकडे यायची आणि उंच स्टुलावर बसून पाय हलवायची. स्पिरिटचा आणि ओल्या काचेचा तो वास मला अजूनही आवडतो. धुतलेली बाटली तुम्ही खिडकीसमोर धरायचात. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब थांबले की परत धुवायला. काच खरी साफ असली तर पाणी थांबत नाही, पातळ पसरतं. वर बसलेले शिकलेले लोक त्या बाटल्यांच्या अहवालांवर सह्या करत होते, पण बाटली कधी साफ झाली हे तुम्ही ठरवत होता. ही गोष्ट तुम्हाला माहीत होती, आणि तुम्ही ती कधी बोलून दाखवली नाही.

असाच एक शनिवार. मी सहावीत आहे. पावसाळ्याचे दिवस, टेबलावर बाटल्यांच्या पेट्या. खाप्याच्या पलीकडच्या एका गावाहून नमुने आणणारा माणूस या वेळी दुसऱ्याच गावांचे नमुने घेऊन आलाय आणि तुम्हाला सहज सांगून राहिलाय, मागच्या खेपेस केवढा पाऊस होता, शाळेकडे जाताच येईना, म्हणून आधी खालच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी घेतलं आणि मग उघडीप झाल्यावर शाळेजवळच्या. तुम्ही वहीत लिहीत होता, तुमचा हात थांबला. मागच्या खेपेस त्या दोन्ही बाटल्यांच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन सुटल्या होत्या आणि पेटीच्या तळाशी पडल्या होत्या. तो माणूस पेटी ठेवून निघून गेला होता. नेहमी तो आधी शाळेचं पाणी घ्यायचा, म्हणून तुम्ही पेटीतल्या क्रमानं पहिल्या बाटलीला शाळेची चिठ्ठी लावली होती, दुसरीला वस्तीची. तपासणी झाली, अहवाल गेला. शाळेजवळचं पाणी चांगलं, वस्तीतलं पिण्यास अयोग्य. त्याला आठ दिवस झाले होते.

तुम्ही त्या माणसाला पुन्हा एकदा विचारलं. मग जुनी वही काढली, पान पाहिलं, हात धुतले, रुमालाला पुसले आणि साहेबांच्या खोलीत गेलात. मी दारात उभी राहिले. साहेब चांगले होते, मला गोळ्या द्यायचे. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, घाबरू नका, सोमवारी नवे नमुने मागवू, नवा अहवाल पाठवू. पावसाळ्यात पाणी बदलतंच, कोणी विचारणार नाही. तुमच्या बढतीचे कागद वर गेलेत, अशा वेळी तुमचं नाव यात यायचं कारण नाही.

तुम्ही खाली बघत उभे होतात. म्हणालात, “साहेब, पाणी नाही बदललं. चिठ्ठी बदलली. ते मी बदलली.”

 साहेबांनी कागद पुढे सरकवला, आणि तुम्ही उभ्याउभ्याच तुमच्या त्या गोल अक्षरात लिहून दिलं. सोमवारची वाट न पाहता उद्याच जाऊन मी स्वतः नमुने आणतो, असंही सांगितलंत. साहेब म्हणाले, उद्या रविवार आहे. तुम्ही म्हणालात, हो साहेब.

घरी आई खूप चिडली. खरं सांगायला तिची ना नव्हती, पण लेखी देण्याआधी एक रात्र घरी येऊन विचार करायला काय झालं होतं, असं तिचं म्हणणं. बढतीची वाट तीही चार वर्षं पाहत होती. सकाळी मात्र तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि मला म्हणाली, जा तूही, एकटे जातील तर जेवणार नाहीत. म्हणून मी आले, बाबा. तुम्हाला कदाचित वाटलं असेल की मला काही शिकवायला तुम्ही सोबत नेलं. मला तर आईनं तुमच्या जेवणासाठी पाठवलं होतं.

स्टँडपर्यंत सायकलवर, पुढच्या दांडीवर मी, कॅरियरला पिशवी. पिशवीत तपकिरी कागदात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, सुतळी, धुतलेले दोन दगड आणि एक थर्मास. एसटीनं खापा. तिथे नमुने गार ठेवायला थर्मासात बर्फ भरून घेतला आणि पुढे चालत. रस्ता चिखलाचा होता, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि तुम्ही इतके भरभर चालत होता की मला मधून मधून पळावं लागत होतं. शाळेजवळच्या विहिरीवर गर्दी होती. गावातल्या बायका भरून राहिल्या होत्या, आणि खालच्या वस्तीतल्या आठ-दहा बायका घागरी घेऊन बाजूला, जरा लांब उभ्या होत्या. त्यांची पाळी शेवटी. वस्तीतल्या विहिरीच्या कठड्यावर कोणीतरी लाल रंगानं मोठी फुली मारली होती. हे मी नंतर पाहिलं.

तुम्ही विहिरीपाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंत, की मी नागपूरहून पाणी तपासणाऱ्या ऑफिसातून आलो, या विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, कागदात चूक झाली, आणि ती माझ्या हातून झाली. गावातल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं भरलेली घागर ओतून दिली. लांब उभ्या असलेल्यांतून एक म्हातारी पुढे आली. तुम्ही तिला आपल्या समाजात करतात तसा नमस्कार केला आणि तिनं त्या नमस्कारावरून ओळखलं, की हा आपल्यातला.

“आपलाच माणूस होय न गा तू,” ती म्हणाली. “अन आमची विहीर तूच बंद केली? आठ दिवस आम्हाले इथं उभं केलं.”

“हो माय,” तुम्ही म्हणालात. “मीच.”

मला वाटत होतं तुम्ही पावसाचं सांगाल, ओल्या चिठ्ठ्यांचं सांगाल, त्या नमुने आणणाऱ्या माणसाचं सांगाल. तुम्ही काही सांगितलं नाही. म्हातारी आपल्याला तिच्या घरी घेऊन गेली. खाटेवर तिची नात पडली होती, माझ्याहून लहान, ओठ कोरडे पडलेले. चार दिवस जुलाब होऊन दोन दिवस सावनेरच्या दवाखान्यात राहून ती कालच परतली होती. ती माझ्या फ्रॉककडे पाहत होती, आणि मी कुठे पाहावं हे मला कळत नव्हतं. तुम्ही खाटेजवळ उकिडवे बसलात. तुमचे हात मी कधी असे रिकामे पाहिले नव्हते.

मग शाळेच्या विहिरीसारखाच वस्तीतल्या विहिरीवरही आपण नमुना घेतला. बाटलीच्या गळ्याला सुतळी, सुतळीला दगड, आणि बूच माझ्या हातात. आतल्या बाजूला बोट लावू नको, खाली ठेवू नको, तोंडासमोर धरू नको, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. भोवती सगळी वस्ती जमली होती. तेवढ्यात म्हातारीनं त्याच विहिरीतून एक तांब्या पाणी काढलं आणि तुमच्यापुढे धरलं. म्हणाली, तू म्हणतोस आमचं पाणी चांगलं, तर पी.  मला वाटलं, प्या ना बाबा. तुम्ही ते पाणी प्यायला असतात तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. लोकांनी तुम्हाला माफ केलं असतं, कदाचित चहाही पाजला असता.

तुम्ही तांब्या हातात घेतला आणि परत कठड्यावर ठेवला. “चांगलं असन असं मले वाटते, माय. पण वाटते म्हणून एकदा लिहिलं, तेच तर चुकलं. तपासल्याशिवाय आता सांगत नाही. दोन दिवस उकळून प्या. मी सोता कागद घेऊन येतो.”

कोणीतरी हसलं. म्हातारीनं तांब्या उचलून पाणी मातीत ओतलं आणि पाठ फिरवून गेली. तुमचे कान लाल झाले होते. भाकरी आपण एसटीची वाट पाहताना खाल्ली. तुम्ही अर्धीच खाल्ली, ते मी घरी आईला सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत मी तुम्हाला विचारलं, की साहेब तर म्हणत होते कोणाला समजणार नाही, मग उद्या नाही, परवा नाही, आजच काहून यायचं होतं. थर्मास मांडीवर धरून तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता.  तसेच बाहेर पाहत म्हणालात, “काल मी घरी चहा पिऊन राहिलो होतो ना बाई, तवा ते बायका तिथं पाणी भरून राहिल्या होत्या. मले झोप नाही आली.” बस, एवढंच. 

साहेब त्या रविवारी संध्याकाळी लॅब उघडून बसले होते, हे सांगायचं राहिलंच. कोणाच्या सांगण्यावरून नाही. शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी स्वतः नमुने तपासणीला लावले. मंगळवारी निकाल आला, वस्तीची विहीर चांगली आणि शाळेची खराब निघाली. बुधवारी तुम्ही रजा टाकून कागद घेऊन गेलात. मी शाळेत होते. रात्री जेवताना तुमच्या नखांत लाल रंग दिसला, आणि हातांना टर्पेंटाइनचा वास येत होता. आईनं विचारलं, तर म्हणालात, फुली पुसली. आणि मग जरा लाजून, पाणी प्यालो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. सेवापुस्तकात नोंद झाली, सहायकाची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि तुमची बढती निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आली. घरात त्याचा विषय निघाला की आई भांडी जोरात ठेवायची. मी मोठी होत गेले तसं मलाही कधीकधी वाटायचं, की बाबांनी थोडं जुळवून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, पण तुम्हाला कळत असणार.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मी माझी प्रात्यक्षिकाची वही घरी लिहीत होते. तुम्ही चष्मा लावून मागे उभे राहिलात. ब्युरेटच्या काचनळीवरचं तिन्ही वेळचं वाचन मी दहा पूर्णांक दोन लिहिलं होतं. सगळा वर्ग तसंच लिहायचा. दोनदाच करायचं, तिसरं जुळवायचं. तुम्ही विचारलंत, तिन्ही बार सारखंच आलं? मी हो म्हटलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “मी बत्तीस वर्षं ब्युरेटी धुतल्या. त्या इतक्या गुणाच्या नसतात वं.” आणि आत निघून गेलात. मी रडले, मग चिडले, मग दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन तिसरं वाचन घेतलं. दहा पूर्णांक चार आलं. सरांनी त्या वहीत मला एक गुण कमी दिला, आणि तुम्ही त्याच महिन्यात मला पांढरा कोट शिवून आणलात, नंदनवनातल्याच शिंप्याकडून, पाठीत जरा सैल, कारण पोरगी अजून वाढणार असा तुमचा हिशोब. तो कोट अंगात घातल्यावर तुम्ही मला खिडकीसमोर उभं केलं होतं, बाटलीसारखं.

हिंगण्याच्या औषध कंपनीत मला नोकरी लागली ते तुम्ही पाहिलंत. पहिल्या दिवशी कंपनीच्या बसपर्यंत सोडायला आला होतात. दीड वर्षानं तुम्ही गेलात. आता त्याच कंपनीत गुणवत्तेची सगळी प्रयोगशाळा माझ्याकडे आहे, हाताखाली चौदा जण आहेत, आणि बाटल्या यंत्र धुतं. मला तुम्हाला हे सगळं दाखवायला आवडलं असतं.

मागच्या वर्षी एक गोष्ट झाली. लहान मुलांच्या तापाचं एक सिरप आम्ही बनवतो. त्यात औषध किती आहे हे मोजायला एक शुद्ध पावडर तुलनेसाठी ठेवलेली असते, आणि ती किती शुद्ध आहे त्याचा आकडा तिच्या बाटलीवर असतो. नवी बाटली उघडली तेव्हा मी हिशेबात आकडा जुन्या बाटलीचा ठेवला. दुसऱ्या कोणी नाही, मीच. त्यामुळे पास म्हणून मी सही केलेल्या तीन बॅचेस खरं तर मर्यादेच्या थोड्या खाली होत्या. औषध विषारी नव्हतं, पण जेवढं लिहिलं होतं तेवढं त्यात नव्हतं. मी ते प्लांटच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, एवढ्याशा फरकानं कोणत्या पोराला काही होत नाही, रिझल्ट पास आहे, कशाला उकरून राहिल्या. मी म्हटलं, तापानं फणफणलेल्या लेकराची आई चमचा डोळ्यासमोर धरून मोजते, तिच्या मोजण्याला काही अर्थ राहिला पाहिजे. दोन दिवस वाद झाला. मी लेखी दिलं. माल बाजारातून परत मागवला, बराचसा आला, काही वापरला गेला होता. कोणाला काही झाल्याचं कळलं नाही. पण कळलं नाही म्हणजे झालं नाही, असं लिहायची सवय तुम्ही मला लावलेली नाही.

त्यानंतर लोकांनी मला फार मोठं केलं, बाबा. मालकांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं. माझ्या हाताखालची मुलं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागली. आणि गेल्या आठवड्यात एका कॉलेजनं विज्ञान आणि जबाबदारी या विषयावर बोलायला बोलावलं. मी तुमची गोष्ट सांगितली. चिठ्ठ्यांची, म्हातारीची, न प्यालेल्या तांब्याची.  मग माझीही गोष्ट सांगितली, आणि टाळ्या वाजल्या. शेवटी एक मुलगी उठून उभी राहिली, साध्या सलवार-कुर्त्यातली. तिनं विचारलं, “मॅडम, चूक लक्षात आली तेव्हा लगेच सांगायची भीती नाही वाटली?” मी हसले आणि म्हटलं, माझ्या वडिलांची मुलगी आहे मी.

मुलीनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. तिनं लिहून घेतलं म्हणून मी तुम्हाला लिहायला बसले.

त्या सिरपच्या अहवालात मी लिहिलंय की चूक सोमवारी लक्षात आली. ती गुरुवारी आली होती, बाबा, दुपारी साडेतीनला. पावडरीच्या जुन्या-नव्या दोन्ही बाटल्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि कपाट बंद केलं. शुक्रवारी मी कामावर गेले आणि दुसरंच काहीतरी तपासत राहिले. शनिवारी तिसऱ्या बॅचची गाडी निघाली. मी खिडकीतून तिला गेटबाहेर जाताना पाहिलं, आणि फोन उचलला नाही. रविवारी नणंदेकडे बारसं होतं, तिथे मी दोनदा वाढून घेतलं. सोमवारी सांगितलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर हे शेवटचं मी लिहिलंच नसतं.